शिवलकरांच्या घरात पर्शियन

दर्शनाने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला आणि बोटाने फोटो पुढे-मागे सरकवत विचारलं, "ही की ही?"

गंगाने बांगडे साफ करता करता मान वर केली. "पयली परत दाखव."

पहिली पांढरीशुभ्र, कापूस पिंजून ठेवल्यासारखी. नाक मात्र चेहऱ्यात आत गेलेलं.

"हिला कोणी दारावर आपटलंन काय गो? अशी रागावून का बघते?"

"रागावली नाही आये, तिचा चेहराच तसा. ही पर्शियन."

"आणि दुसरी?"

दुसरी शिडशिडीत, सायीच्या रंगाची. तोंड, कान, पाय आणि शेपटी तेवढी काळपट, आणि डोळे निळे.

"हिने चुलीत तोंड घातलंन."

"ही सयामी. अंगाचा जो भाग थंड राहतो ना, तेवढाच हिचा काळा होतो."

"मग हितं रत्नांग्रीत ती काळी व्हायचीच नाय," गंगा म्हणाली आणि पुन्हा बांगड्याकडे वळली.

मांजर विकत आणायची, ही कल्पनाच मिऱ्याच्या वाडीत कोणाला पटली नसती. वाडीत माणसांपेक्षा मांजरं जास्त. अडचण अशी की, त्यातलं एकही उंदीर मारत नसे. दिवसभर ताज्या मासळीची मुंडकी आयती मिळत असताना उंदरामागे धावायचं त्यांना काही कारणच उरलं नव्हतं. त्यामुळे उंदीर निर्धास्त होते आणि शिवलकरांच्या पडवीत गुंडाळून ठेवलेली जाळी सावकाश कुरतडत होते. दर्शना सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिने या प्रश्नाचा रीतसर विचार केला होता. ज्या मांजराच्या सात पिढ्यांनी बंदर पाहिलेलं नाही, ते मांजर उंदराकडे लक्ष देण्याची शक्यता अधिक, असा तिचा निष्कर्ष होता. मारुती मंदिराजवळ पाळीव प्राण्यांचं दुकान चालवणाऱ्या गौरवकडे अशी दोन मांजरं होती. त्यांतली एक निवडायची, एवढंच राहिलं होतं.

"पर्शियन शांत असते," दर्शना म्हणाली. "फार उड्या मारत नाही, म्हणजे माळ्यावरची सुकी मासळी सुरक्षित. पण तिचे केस रोज विंचरावे लागतात."

"मला माझे विंचरायला वेळ नाय."

"सयामी चपळ. उंदीर नक्की पकडेल. पण दिवसभर बोलते."

"बोलते म्हंजे?"

"नुसतं म्याँव नाही. मागे मागे फिरून तक्रारी सांगितल्यासारखी ओरडते."

"तसं एक माणूस हाय घरात. तेवढं पुरे."

ते माणूस म्हणजे दर्शनाचे वडील, बाबू शिवलकर. एका लहान होडीचा मालक आणि पारंपरिक मच्छीमारांच्या संस्थेतला सर्वांत मोठा आवाज. बाबूचा एकच शत्रू होता: पर्ससीन. माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून बटव्यासारखं आवळलं जाणारं ते अजस्र जाळं. मोठ्या बोटींनी ते समुद्रात टाकलं की मागून येणाऱ्या लहान होडीवाल्यासाठी फेस तेवढा उरतो, असं बाबू मोर्चात सांगायचा, सभेत सांगायचा, जेवताना सांगायचा. घरात हा विषय इतका नाजूक होता, की गंगा आपल्या पर्सलाही 'पाकीट' म्हणत असे. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता संस्थेची सभा होती आणि तिच्यात बाबूला चेअरमन निवडायचं होतं. आयुष्यभर तो उभ्याने ओरडला होता. आता बसून ओरडायची संधी चालून आली होती. गंगाने त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खिळ्याला लावून ठेवला होता.

पर्ससीनच्या खालोखाल बाबूला राग होता मांजरांचा. मांजराची नखं जाळ्यात अडकतात आणि मग मांजर सोडवायचं की जाळं वाचवायचं असा प्रश्न पडतो, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मायलेकींनी ठरवलं होतं, की तो सभेला गेला की मांजर घरात घ्यायचं. चेअरमन होऊन परत आलेला माणूस मांजरावरून भांडणार नाही.

गौरवला फोन करायचा तर घरात रेंज नव्हती. ती मिळायची परसात, गडग्याला टेकून उभं राहिल्यावर. गडगा म्हणजे जांभ्या दगडाचं कमरेएवढं कुंपण, आणि त्याच्या पलीकडे येसूबाईचं खळं. येसूबाई त्या वेळी तिथे खाली बसून जवळा वाळत घालत होती, म्हणून ती दर्शनाला दिसली नाही. दर्शनाचा आवाज मात्र तिच्यापर्यंत आला. सगळा नाही, वाऱ्याने पोचवला तेवढा.

"हो, बहुतेक पर्शियनच... नाही नाही, बाबांना काहीच माहीत नाही. एकदा दारात आली की काय करणार ते?... कागदपत्रं सगळी आहेत ना?... काय सांगतोस, रात्री अगदी एलईडीसारखे?... मासे? माशांना काय कमी आहे इथे!... बरं, मग दोन्ही घेऊन ये. बघून एक ठेवू."

येसूबाईच्या मुठीतला जवळा मुठीतच राहिला. पर्शियन हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. पर्ससीन मात्र रोज ऐकला होता, तोही याच परसातून, बाबूच्याच तोंडून. कान ओळखीचा शब्द आधी पकडतो. आणि बाकीचं सगळं तर तंतोतंत जुळत होतं: कागदपत्रं, मासे, लपवाछपवी आणि वर एलईडी. रात्री बोटीवर झगझगीत दिवे लावून मासळी भुलवायची हे तर वाडीच्या हिशोबात पर्ससीनहून मोठं पाप. ते डोळे मांजराचे आहेत, हे वाऱ्याने पोचवलं नव्हतं.

येसूबाई चहाडखोर नव्हती. तिने ही गोष्ट फक्त कमळाला सांगितली, आणि तीही 'कोणाला बोलू नको गो' असं बजावून. कमळाने ती फक्त आपल्या नवऱ्याला, रघूला, फोनवर सांगितली. रघू म्हणजे बाबूचा लहानपणापासूनचा सोबती. तो बंदरावर इंजिन दुरुस्त करत होता आणि हात ग्रीसने माखलेले असल्यामुळे त्याने फोन स्पीकरवर घेतला. त्यामुळे बंदरावर जेवढी माणसं होती, तेवढ्या सगळ्यांना कमळाने कोणाला न सांगण्याची शपथ घातली.

थोड्याच वेळात भावी चेअरमन तिथे आले. बाबूने दाढी केली होती. त्याला पाहून सगळे एकदम गप्प झाले.

"काय रे मेल्यांनो, कोण गेला?" बाबूने विचारलं.

"अजून नाय गेला," रघू म्हणाला. "पण कोणतरी जाणार असं दिसतंय."

"म्हंजे?"

"बाबू, तुझ्या घरात आज काय येणार हाय?"

"चेअरमनची खुर्ची!" बाबू हसला.

"आणि खुर्चीसोबत?"

"पेढे येतील. अजून काय पायजे तुला?"

"दोन पर्ससीन!" मागून कोणीतरी ओरडलं. "एलईडीसकट!"

बाबू आणखी मोठ्याने हसला. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं. "माझ्या घरात?" तो म्हणाला. "पर्ससीन? माझ्या?"

"कागदपत्रं पण झालीत म्हणे."

"कोण म्हणतो?"

"तुझीच पोरगी. येसूबायने कानांनी ऐकलंन."

"थांबा," बाबू म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि विजयी माणसाच्या थाटात सगळ्यांकडे पाहिलं. "गंगेलाच विचारतो. स्पीकरवर. सगळ्यांनी ऐका."

गंगा परसात वाळलेले कपडे काढत होती, म्हणून फोन लागला.

"गंगा, खरं सांग. आज आपल्या घरात काय येणार हाय?"

 पलीकडून गंगाचा बारीक आवाज आला, "तुमाला कोणी सांगितलंन?"

बंदरावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला.

"म्हंजे खरं हाय?" बाबूचा आवाज चिरकला.

"आता कळलंच हाय तर काय लपवू! पोरीने हट्ट धरलान. मी म्हटलं तिला, बाबांना चालायचं नाय."

"नायच चालणार! जन्मभर मी कशाच्या विरोधात बोलतोय, तुला माहीत नाय?"

"अवो, पण आता सगळेच आणतायत. रत्नांग्रीत घरोघरी झाल्यात."

रघू पुढे वाकला. "वैनी, मी रघू. दोन हायत म्हणे?"

"दोन फक्त दाखवायला आणणार, भावजी. ठेवायची एकच. पांढरी मला बरी वाटते, पण मळेल लवकर."

"आणि ठेवणार कुठं?"

"कुठं म्हंजे? पडवीत. थंडी पडली की आत घेऊ."

रघूने मोबाइलवर तळहात ठेवला आणि बाकीच्यांना समजावलं, "बोट नाय, नुसतं जाळं आणतायत. हल्लीच्या नायलॉनला थंडी सोसत नाय." मग हात काढून त्याने विचारलं, "पण वैनी, एवढ्या कामाला माणसं किती लागतील?"

"माणसं कशाला? मी एकटी पुरे. रोज सकाळी विंचरायचं, एवढंच काय ते."

पर्ससीनचं जाळं एक बाई रोज सकाळी एकटी विंचरणार, यावर बंदर क्षणभर विचारात पडलं. मग कोणीतरी म्हणालं, "नवीन मॉडेल असंल," आणि ते सगळ्यांना पटलं.

बाबू दोराच्या वेटोळ्यावर मटकन बसला. आपल्या पाठीमागे, आपल्याच पडवीत, बायको आणि मुलगी पर्ससीन आणताहेत, आणि तेही आज! समोर आरडाओरडा सुरू झाला होता. "हा कसला चेअरमन!" "बापाने मोर्चा काढायचा नि पोरीने जाळं घ्यायचं!" सगळ्यांत जोरात रघू ओरडत होता. ओरडता ओरडता त्याने बाबूच्या दंडाला धरलं आणि त्याला बर्फाच्या पेट्यांमागे नेलं.

"बाबू," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "आणतोयसच, तर भागीदार कोण घेतलास?"

"रघू!"

"नाय, तत्त्व तत्त्वाच्या जागी हाय. मी समोर ओरडणारच. पण आमचा पोरगा सागर घरी बसलाय रे. त्याला चिकटव कुठंतरी."

रघू परत जाऊन पुन्हा ओरडू लागला. तेवढ्यात दुसरा आला. त्याला नोकरी नको होती, थेट भागीदारी हवी होती. मग तिसरा आला आणि म्हणाला, की आपलं नाव कोणाला कळणार नसेल, तर आपण पैसे घालायला तयार आहोत. बर्फाच्या पेट्यांमागे जाऊन आलेला प्रत्येक माणूस पुढे आल्यावर आधीपेक्षा मोठ्याने 'पर्ससीन मुर्दाबाद' म्हणत होता. बाबूला यातलं काहीच पचेना. शेवटी तो उठून उभा राहिला आणि जन्मभराचा सगळा आवाज एकवटून म्हणाला, "बास! माझ्यावर विश्वास नाय ना? देवाला कौल लावा!"

हे सगळ्यांना मान्य झालं. वाडीत बांध कोणाचा, गाय कुठे गेली, लग्न जुळवावं की नाही, सगळं शेवटी कौलावर ठरायचं. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. देव कधी उजवी पाकळी पाडतो, कधी डावी. उजवी म्हणजे होकार.

बाळा गुरव जेवायला बसला होता, त्याला उठवून देवळात आणलं. त्याने हात धुतले, पाकळ्या लावल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून सगळ्या बंदराने साथ दिली.

"आज ह्यो तुझा लेकरू बाबू शिवलकर तुझ्या पायाशी आलाय, त्याच्यावर जो काय आळ आलाय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याचा तू शोक्षमोक्ष कर! आज याच्या घरात जर का पर्शीयन येणार अशंल, तर उजवी दे! नशंल, तर डावी दे!"

"व्हय म्हाराजा!"

बाळा गुरवाने गेल्याच आठवड्यात कवळी बसवली होती. ती अजून हिरडीवर नीट टेकली नव्हती आणि त्याच्या तोंडून प्रत्येक 'स' घसरून 'श' होत होता, आणि पर्ससीनमधल्या 'ससी'चं तर थेट 'शीय' झालं होतं. सोबतच्या माणसांना विषय माहीत होता, म्हणून त्यांना बरोबर तेच ऐकू आलं. देवापुढे मात्र जेवढं बोललं गेलं तेवढंच पोचलं, आणि देवाने विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं.

उजवी पाकळी टपकन पडली.

 बाळा गुरवानेसुद्धा डोळे उघडून बाबूकडे पाहिलं. बाबूने पाषाणाकडे पाहिलं. "देवा," तो पुटपुटला, "तू पण?"

"देव चुकत नाय बाबू," रघू म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी कानाशी लागला, "सागरचं लक्षात ठेव."

बाबू तडक घराकडे निघाला. मागे बंदर, त्याच्या मागे वाटेत भेटत गेलेली वाडी. येसूबाई वाटेत उभीच होती, ती साक्षीदार म्हणून पुढे झाली. घरापाशी पोचले तर पडवीत एक अनोळखी तरुण बसून सरबत पीत होता, आणि त्याच्या पायाशी कापडाने झाकलेले दोन पिंजरे होते. गौरव वेळेआधीच येऊन पोचला होता.

"ह्योच तो एजंट!" मागून कोणीतरी म्हणालं.

गंगा आणि दर्शना दारात थिजून उभ्या राहिल्या. एका मांजरावरून नवरा अख्खी वाडी घेऊन येईल, असं गंगाला संसारात कधी वाटलं नव्हतं.

"काढ ते कापड," बाबू म्हणाला.

गौरवने घाबरून पहिल्या पिंजऱ्यावरचं कापड ओढलं. आतून एका गोल, पांढऱ्या, चपट्या नाकाच्या चेहऱ्याने बाबूकडे अतिशय नाराजीने पाहिलं.

"हे काय हाय?"

"पर्शियन," गौरव म्हणाला.

"परत बोल."

"पर्शियन, काका. मांजर."

"पर्शियन," रघू ओठातल्या ओठात म्हणाला. "पर्शियन," मागच्याने म्हटलं. शब्द ओटीवरून खळ्यात, खळ्यातून गडग्यापर्यंत एकेकाच्या तोंडात फिरत गेला आणि सगळ्यांच्या नजरा येसूबाईवर येऊन थांबल्या.

"मग मी काय वेगळं बोलले?" येसूबाई फणकारली. "तेच तर बोलले मी!"

तेवढ्यात दुसऱ्या पिंजऱ्यावरचं कापड आपोआप घसरलं. सयामीने एवढी माणसं एकदम पाहिली आणि नेमकी रघूकडे तोंड करून तान्ह्या मुलासारखी किंचाळली. रघू दोन पावलं मागे सरला, त्याचा पाय माशांच्या टोपलीत गेला, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. बाळा गुरव इतका हसला की त्याला कवळी काढून हातात धरावी लागली. बाबू तर पडवीच्या खांबाला मिठी मारून हसत होता. त्याची इज्जत परत आली होती, देव त्याच्या बाजूचा निघाला होता आणि पडवीत पर्ससीन नव्हतं.

हसता हसता त्याने डोळे पुसले आणि सहज म्हणाला, "काय रे रघू, सागरला लावू ना मग कामाला? ह्या मांजरीवर?"

तो गमतीने म्हणाला होता. पण कमळाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं, आणि बर्फाच्या पेट्यांमागे जाऊन आलेल्या सगळ्यांचं हसू एकदम थांबलं. एकजण चपला शोधू लागला. दुसऱ्याला घरचं काम आठवलं. रघूचा चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला.

"पाच वाजता सभा हाय," तो कोरडेपणाने म्हणाला. "तेव्हा बघू."

दर्शनाने ते ऐकलं. "बाबा, तुम्ही हे बोलायला नको होतं," माणसं पांगल्यावर ती म्हणाली. "रागावलेला माणूस भांडून मोकळा होतो. ओशाळलेला माणूस विरोधात मत देतो."

बाबूचं हसू मावळलं. किती जण पेट्यांमागे आले होते ते त्याने मनात मोजून पाहिलं आणि तो पायरीवर बसला. सकाळी बिनविरोध होता. आता निवडून येतो की नाही याचीच शंका. आणि यात त्याने काहीच केलं नव्हतं.

"काका, मग कुठली ठेवू?" गौरवने आधी गंगाकडे आणि मग बाबूकडे पाहत विचारलं. त्याला दुकान उघडायचं होतं.

गंगाने एव्हाना पर्शियनला मांडीवर घेतलं होतं आणि आपल्याच फणीने ती विंचरत होती. "ही बरी. गप तरी बसते."

"उंदरांचा विचार केला तर सयामी योग्य," दर्शना म्हणाली.

"पर्शियन नाय!" बाबू ताडकन उठला. मांजर नकोच, हे म्हणायचं तो त्या गडबडीत साफ विसरून गेला होता. "शिवलकरांच्या घरात पर्शियन हाय, असं कोणी कलेक्टर ऑफिसात सांगितलंन, तर मी काय बगलेत मांजर घेऊन फिरू, दाखवत? दुसरीचं नाव काय?"

"सयामी."

"सयामी. सयामी." बाबूने जाळ्याची गाठ ओढून पाहावी तसा तो शब्द दोन-तीनदा ओढून पाहिला. "ह्याच्यात काय गडबड व्हायची नाय. हीच ठेव."

अशा तऱ्हेने रंग, केस, स्वभाव आणि शिकारीची वृत्ती हे दर्शनाने तपासलेले सगळे मुद्दे बाजूला राहिले आणि निवड उच्चारावर झाली. गौरव पर्शियनला घेऊन गेला. सयामी पडवीभर फिरून प्रत्येक कोपऱ्याबद्दल तक्रार करू लागली.

आता पुन्हा घोटाळा नको, म्हणून बाबूने पांढरा शर्ट चढवला आणि सभेला निघण्याआधी स्वतः गडग्यापाशी गेला. वारा वाढला होता. माडांची झावळं सळसळत होती. पलीकडे येसूबाई उरलेला जवळा सुपात भरत होती.

"येसूबाय!" बाबूने तोंडाशी हात धरून हाक दिली. "ह्या वेळी नीट ऐक! आमच्या घरात सयामी आली! कोणी विचारलंन, तर तूच सांग!"

येसूबाई सूप हातात घेऊन उभी राहिली. "काय आली?"

"सयामी! सयामी! ऐक, आवाज येतोय बघ!"

घरातून सयामीने लांबलचक हंबरडा फोडला. येसूबाईने एकदा समुद्राकडे पाहिलं. "कधी आली?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"आत्ताच! पयली आली ती परत गेली. ही दुसरी!"

"मोठी हाय?"

"अजून तशी बारीक हाय. पण वाढंल!"

"आणि तू असा उभा काय ऱ्हायलास?"

"मग काय करू? सभेला चाललोय!"

येसूबाईने सुपातला जवळा तसाच ओतला आणि ती घरात पळाली. या वेळी तिला नीट समजलं, असं समाधान मानून बाबू निघाला.

संस्थेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या, टेबलावर नारळ होता, हार होता. माणूस एकही नव्हतं. बाबू पहिल्या रांगेत बसला. मग दुसऱ्या रांगेत बसून पाहिलं. पाच वाजून गेले. खिडकीतून समुद्र दिसत होता, थोडा वाऱ्याने विस्कटलेला, बाकी नेहमीसारखाच. सगळ्यांनी मिळून बहिष्कार टाकला, एवढाच याचा अर्थ होता. बाबूने उठून टेबलावरचा हार उगाचच सरळ केला.

फोन वाजला. रघू होता, आणि त्याला धाप लागली होती.

"बाबू, कुठं हायस तू?"

"हॉलमध्ये," बाबू दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "एकटाच."

"अरे मेल्या, खाली काय करतोस! सड्यावर ये!"

"सड्यावर? डोंगरावर कशाला? सभा हितं हाय."

"कसली सभा! सुनामी आलीय! तूच सांगितलास ना येसूबायला? पयली लाट येऊन परत गेली, दुसरी वाढतेय! अख्खी वाडी वर आलीय!"

बाबूने खुलासा करायला तोंड उघडलं. मग त्याने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि तोंड मिटलं.

"सगळे वर हायत?" त्याने विचारलं. "सभासद सगळे?"

"एक पण खाली नाय! फक्त तू!"

"मग थांबा तिथंच. आलो." त्याने हार उचलून खांद्यावर टाकला, नारळ काखेत मारला आणि डोंगराची वाट धरली.

सड्यावर, काळ्या जांभ्याच्या उघड्या माळावर, संस्था पूर्ण संख्येने हजर होती. कोणाच्या डोक्यावर गाद्या, कोणाच्या खांद्यावर गॅसची टाकी. येसूबाईच्या दोन्ही बगलांत कोंबड्या होत्या. बाळा गुरव देवाचा मुखवटा छातीशी धरून उभा होता. रघूने एका हाताने होडीचं इंजिन पोटाशी आवळलं होतं, दुसऱ्या हाताने टीव्ही. सगळे डोळे विस्फारून समुद्राकडे पाहत होते आणि समुद्र काहीच करत नव्हता.

"बाबू, किती वेळ हाय आपल्याकडं?" रघूने विचारलं.

"सगळं सांगतो," बाबू एका उंच दगडावर चढत म्हणाला. "पण आधी सभेचं काम. मागं ठेवणं बरं नाय."

कोणाला वाद घालायला सवड नव्हती.

"विषय एक. बाबू शिवलकरांना चेअरमन करायचं," बाबू म्हणाला. "ज्यांचा विरोध असंल, त्यांनी हात वर करा."

रघूने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यात इंजिन होतं. मग डाव्या हाताकडे पाहिलं. त्यात कमळाच्या माहेरचा टीव्ही होता, आणि कमळा शेजारीच उभी होती. त्याने अंदाज घेण्यासाठी आजूबाजूला नजर टाकली. माळावर गाद्या, टाक्या, कोंबड्या आणि कपाटाची ड्रॉवरं होती. मोकळा हात एकाचाही नव्हता.

बाबूने भरपूर वेळ दिला. मग स्वतःच्या हातांनी हार गळ्यात घातला.

"बिनविरोध," त्याने जाहीर केलं. घसा खाकरला, दगडावरून उतरायला मागे वाट मोकळी आहे ना, ते पाहून घेतलं आणि चेअरमन या नात्याने पहिलं भाषण सुरू केलं. "आता विषय दोन. मांजर."